प्रत्येक आवाजाला आपला नॉब

भजनाच्या साथीला आपण डिजिटल पियानोवर पियानो आणि व्हायोलिन असे दोन आवाज एकावर एक लावतो. पण एकाच नॉबने दोन्ही वाढले, की गाणारीचे शब्द बुडतात. म्हणून सोय असेल तिथे सेटिंगमध्ये आधी आवाज निवडायचा, मग त्याला नॉब नेमून द्यायचा. पहिला पियानोला, दुसरा व्हायोलिनला. मिडी पद्धतीत आवाज कमी-जास्त करण्याचा क्रमांक 7, माप 0 ते 127. दोघांचे चॅनल वेगळे ठेवायचे. एकच असला तर दोन्ही सोबत हलतात. व्हायोलिन 50च्या आसपास ठेवू आणि त्या जागी नॉबशेजारी टिकली लावू. शेवटी ही मांडणी सेव्ह करायची, नाहीतर वीज गेली की सगळं पुन्हा! साथ कितीही गोड असली, तरी शब्द ऐकू आले तरच भजन पोचतं.