खाटेवरच्या माणसाला विचारायचं कसं?

माशाचं किंवा कोंबडीचं सूप भरवलं की अरुणा शानभाग हसायच्या. नको असलेला घास थुंकून टाकायच्या. खोलीत माणसांची गर्दी झाली की बेचैन व्हायच्या आणि माणसं बाहेर गेली की शांत व्हायच्या. भाबड्या जवळच्या माणसांच्या ऐकीव गोष्टी म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण हे तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात नोंदलेले आहेत.

अरुणा मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या, परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि पुढची साडेएकेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं मृत्यू येईपर्यंत, त्या केईएममध्येच होत्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेनं त्यांना तिथून हलवायचा घाट घातला, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही, हेही निकालपत्रात आहे.

अरुणांना अन्न देणं थांबवावं, या पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवरून न्यायालयानं तीन डॉक्टर तपासणीला पाठवले : टाटा मेमोरियलचे जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ रूप गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ नीलेश शहा. आवाज, स्पर्श मेंदूपर्यंत पोचतात, पण त्यांची जाणीव होत असल्याचा निश्चित पुरावा तपासणीत दिसला नाही, असं त्यांनी कळवलं. आवडनिवड परिचारिकांना रोज दिसत होती. डॉक्टरांना जाणिवेचा पुरावा सापडला नाही. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. अशा रुग्णांच्या बाबतीतली खरी अडचण हीच आहे.

आपल्याकडे घरीदारी अशा सगळ्या अवस्थांना ‘कोमात गेला’ एवढंच म्हणतात. पण कोमात डोळे मिटलेले असतात आणि ही अवस्था सहसा काही आठवड्यांच्या पलीकडे टिकत नाही. त्यानंतर डोळे उघडतात, झोप-जाग सुरू होते, मात्र समज दिसत नाही. या अवस्थेला ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये दिलं, म्हणजे अरुणांवरच्या हल्ल्याच्या सुमारे दीड वर्ष आधी. समज आहे, पण तुटक, कधी दिसते कधी नाही, अशी ‘किमान जाणिवे’ची अवस्था वेगळी मोजायला २००२ साल उजाडलं. ‘लॉक्ड-इन’ रुग्ण तर पूर्ण शुद्धीवर असतात, फक्त डोळ्यांखेरीज काही हलत नाही.

या अवस्थांमधल्या भिंती पातळ आहेत. बेल्जियममधल्या २००९ च्या एका अभ्यासात अनुभवी डॉक्टरांनी एकमतानं ‘जाणीव नाही’ ठरवलेले ४४ रुग्ण पद्धतशीर मोजपट्टीनं पुन्हा तपासले. त्यांतल्या १८ जणांना जाणीव होती. ती मोजपट्टी म्हणजे ‘कोमा रिकव्हरी स्केल’ : ऐकणं, पाहणं, हालचाल, तोंडाच्या क्रिया, संवाद आणि जागेपणा असे सहा भाग, एकूण २३ गुण. नजर फिरते का हे पाहायला पेनापेक्षा आरसा बरा, कारण स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर वळते. शिवाय एकदा पाहून भागत नाही. दोन आठवड्यांत किमान पाच वेळा तपासावं, असं २०१७ च्या एका अभ्यासानं सुचवलं.

‘हात दाब’ ही आपली लाडकी परीक्षा फसवी आहे. तळव्याला काही लागलं की मूठ आपोआप आवळू शकते. त्याऐवजी ‘हात सोड’, ‘वर बघ’ म्हणावं, थांबावं, पुन्हा म्हणावं. ‘हो’ आणि ‘नाही’साठी दोन खुणा ठरल्या, तर आधी आपल्याला उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारावेत, रुग्णाचं खरं नाव घेऊन एकदा, खोटं नाव घेऊन एकदा.

काही वेळा शरीर ‘हो’ म्हणूच शकत नाही. ब्रिटनमध्ये मेंदूसंशोधक एड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये अपघातग्रस्त २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं : टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा, मग घरात फिरत आहात अशी. निरोगी माणसाच्या मेंदूचे जे भाग उजळतात, तेच तिचेही उजळले. २०१० मध्ये एका तरुणानं टेनिस म्हणजे ‘हो’, घर म्हणजे ‘नाही’ असं ठरवून सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. २०२४ च्या मोठ्या पाहणीत, आज्ञेला काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ पैकी ६० जणांचा मेंदू आज्ञा पाळताना दिसला. मात्र त्याच पाहणीत खाटेवर उघड प्रतिसाद देणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांच्या प्रतिसादाचा यंत्रात काहीच मागमूस लागला नाही. तेव्हा यंत्राचा ‘नाही’ शेवटचा मानू नये.

प्रेमानं डोळे फसतात, तेही खरंच. रोम हाउबेन या बेल्जियन रुग्णाचा हात धरून मदतनीस बाई टंकलेखन करत आणि २००९ मध्ये जगभर त्याचे ‘शब्द’ छापून आले. मग त्या खोलीबाहेर असताना त्याला वस्तू दाखवल्या आणि त्या परतल्यावर उत्तरं मागितली, तेव्हा ती जमेनात. बोलत होत्या त्या मदतनीस बाई.

अशा खाटेशेजारी बसायची वेळ नवी मुंबईतही कुणावरही येते. शीव-पनवेल महामार्गावरचा अपघात, पक्षाघात, हृदय बंद पडणं. अतिदक्षता विभागातून काही आठवड्यांनी माणूस गळ्यात आणि नाकात नळी घेऊन खारघरच्या किंवा कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये परततो. रुग्णालयात हिंदीत वा इंग्रजीत दिलेल्या आज्ञांना उरणच्या आगरी आजीनं डोळा हलवला नाही, म्हणून तिला कळत नाही असं ठरवणं घाईचं आहे. तिला घरातल्या माणसानं, घरातल्या बोलीत, नाव घेऊन विचारायला हवं; औषधाची गुंगी आणि ताप उतरल्यावर, टीव्ही बंद करून. काही हालचाल दिसली तर मोबाइलवर चित्रित करावी, वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरांपुढे ठेवावी.

उपचार थांबवण्याची वाट कायद्यानं आता खुली आहे. अरुणांच्या निकालानं तिची सुरुवात केली, २०१८ च्या निकालानं ती रुंद झाली, २०२३ मध्ये अटी सोप्या झाल्या. त्या वाटेनं जाण्याआधी प्रत्येक कुटुंबानं डॉक्टरांना एक विचारावं : मोजपट्टीनं तपासलं का, किती वेळा, कोणत्या भाषेत? या तपासणीला स्कॅनर लागत नाही. खाटेशेजारचा सुमारे अर्धा तास, एक आरसा आणि ती शिकलेला माणूस एवढं पुरतं.