जुन्या डॅटसनची उभारणी : आधी गंज, मग रंग

ग्रामीण पानावर जपानी स्पोर्ट्‌स मोटारीचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण ज्याच्या गोठ्याशेजारी वीस वर्षांचा ट्रॅक्टर उभा आहे, किंवा विहिरीवर जुने डिझेल इंजिन पडून आहे, त्याला एक प्रश्न दरवर्षी छळतो. हे यंत्र भंगारात घालावे, की पैसे घालून पुन्हा उभे करावे? गावोगाव फिरताना हा प्रश्न मला खतांच्या मात्रेइतकाच वेळा विचारला जातो. डॅटसन २४० झेड या गाडीच्या मालकांनी याच प्रश्नावर डोके आणि पैसा दोन्ही खर्च केले आहे. त्यांची रीत आपल्या मिस्त्रीपेक्षा वेगळी कुठे आहे, ते पाहण्याजोगे आहे.

निसान कंपनीने ही दोन आसनांची गाडी १९६९ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आणली. अमेरिकेतील कारभार पाहणारे युताका कातायामा यांना ते नाव तिकडे चालेल असे वाटेना. त्यांनी ते काढून नुसते २४० झेड ठेवले. हे गृहस्थ पुढे १०५ वर्षे जगले आणि २०१५ मध्ये वारले. झेडचे चाहते आजही त्यांना ‘मिस्टर के’ म्हणतात. गाडीत एका रांगेत सहा सिलिंडरचे २३९३ सीसीचे पेट्रोल इंजिन, ताकद सुमारे १५० अश्वशक्ती, वजन एक टनाच्या जरासे वर, आणि अमेरिकेत सुरुवातीची किंमत साधारण साडेतीन हजार डॉलर. युरोपातल्या तशा गाड्या घेताना ज्याचा खिसा फाटत होता, त्याला ही परवडली.

गाडी नाजूक मात्र नव्हती. पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅलीत, जिथे रस्ता म्हणजे कधी फुफाटा तर कधी गुडघाभर चिखल, ती १९७१ मध्ये पहिली आली आणि १९७३ मध्ये पुन्हा पहिली आली. १९७३ ला चाकावर होते शेखर मेहता, युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे चालक. पुढे त्यांनी ही रॅली आणखी चार वेळा जिंकली. १९७१ ची विजेती गाडी निसानने जपून ठेवली होती, आणि २०१३ मध्ये कंपनीच्याच कर्मचाऱ्यांच्या क्लबने ती पुन्हा चालती केली.

अशी दणकट गाडी मग कशाने मेली? इंजिनाने नाही. गंजाने.

त्या काळच्या जपानी पत्र्याला गंजापासून संरक्षण फारसे नव्हते. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालून लागायचे. वरून, समोरच्या काचेखालच्या जाळीतून पाणी आत जायचे. ते निघून जायला वाट ठेवलेली होती, पण त्या वाटेत पाने आणि कचरा अडकला की पाणी तिथेच मुरायचे. बॅटरीखालच्या पत्र्यावर आम्ल सांडून तो पत्रा आणि त्याच्या खालचा लांब पन्हाळीसारखा आधार, दोन्ही पोखरले जायचे. आवाज कमी व्हावा म्हणून तळाला चिकटवलेले डांबरी थर ओल धरून ठेवायचे. सुट्या चाकाचा खड्डा आणि दाराच्या मागचा कोपरा याही ठरलेल्या जागा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची पेटी ही बिडाची अंगे एकमेकांना बोल्टने जोडून कणा तयार होतो. बॉनेटचा पत्रा सडला तरी नांगर चालतो. या डॅटसनला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालची पोकळ पट्टी आणि खालचे आधार हाच तिचा कणा. तो सडलेला असताना वर पुट्टी भरून रंग मारला, तर गाडी दिसेल नवी आणि खड्ड्यात आदळली की मधोमध वाकेल. विकणारे असा माल विकतातही. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी लोहचुंबक घेऊन फिरते. पुट्टीला चुंबक धरत नाही.

चांगला कारागीर काम कसे करतो ते सांगतो. पाना हातात घेण्याआधी तो फोटो काढतो. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक क्लिप पिशवीत घालून पिशवीवर लिहितो, कुठला आणि कोणत्या बाजूचा. आपल्याकडे सगळे नट-बोल्ट एका डब्यात रॉकेलमध्ये टाकतात आणि जोडताना शोधाशोध होते. तो प्रकार तिथे नाही. तळावरचे डांबरी थर काढायला कोरडा बर्फ पसरतात. थंडीने थर कडक होतो आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने ढलप्यांनी सुटतो. रंग काढायला जोराने वाळू मारत नाहीत. पातळ पत्रा त्या माऱ्याने वाकतो. म्हणून सोड्यासारखे मऊ कण वापरतात, नाहीतर पत्रा रसायनात बुडवतात.

मग सडलेला भाग कापायचा. पण त्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून सांगाडा ताठ धरावा लागतो. मोडके घर दुरुस्त करताना आपण आढ्याला टेकू देतो, तसेच. टेकू न देता दाराखालची पट्टी कापली की सांगाडा झुकतो, आणि मग नवीन दारही बसत नाही, जुनेही बसत नाही. तळाचे आणि आधारांचे नवे पत्रे आता तयार मिळतात. काही मापात चोख असतात, काहींना बसवताना चेपून घ्यावे लागते. सांध्याच्या आतल्या बाजूला, जिथे नंतर हात जाणार नाही, तिथे जोडण्याआधीच गंजरोधक लावायचे. खरी मजुरी इथे लागते, आणि काम झाल्यावर यातले काहीच दिसत नाही.

इंजिनाकडे वळू. बिडाचा ब्लॉक टिकाऊ आहे. तो उघडल्यावर बोअर अंदाजाने नव्हे, गेजने मोजायचा, वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी. गोलाई गेली असेल किंवा खाली-वर फरक असेल तर बोअर वाढवून मोठे पिस्टन. “रिंगा बदलून भागेल हो,” हे वाक्य गेज लावल्याशिवाय कोणी बोलले तर त्या मिस्त्रीकडून आपले इंजिन परत आणावे, असे माझे मत आहे.

या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे. ते फार तापले की वाकते, मग लेथवाल्याकडे नेऊन घासावे लागते. इथे एक गंमत आहे. कॅमशाफ्ट हेडवरच बसलेला आणि तो साखळीने फिरतो. हेड घासले की कॅमशाफ्ट क्रँकच्या जवळ येतो, साखळी सैल पडते आणि व्हॉल्व्हची वेळ मागे पडते. हे आधीच ओळखून निसानने वरच्या दातेरी चाकाला तीन भोके ठेवली आणि त्यांना १, २, ३ असे आकडे दिले. वेळ मागे पडली की पुढचे भोक घ्यायचे. कॅमशाफ्टचे टेकू मात्र ज्या हेडचे त्याच हेडवर, त्याच जागी बसवायचे, कारण त्यांची भोके एकत्र बसवून एकाच रेषेत कातलेली असतात. दुसऱ्या हेडचे आणून लावले तर कॅमशाफ्ट अडकतो.

कार्बोरेटर दोन. १९७२ पर्यंतचे चांगले. १९७३ ला अमेरिकेतले धुराचे नियम पाळण्यासाठी दुसऱ्या बनावटीचे बसवले, ते गरम हवेत त्रास देत, म्हणून पुष्कळ मालकांनी ते काढून जुन्या बनावटीचे लावले. त्यांतही दांडा झिजला असेल तर बाजूने हवा ओढली जाते आणि कितीही स्क्रू फिरवा, रेस एकसारखी राहत नाही.

पेट्रोलच्या नळ्यांबद्दल थोडे थांबतो, कारण हा विषय आपल्या उसाशी जोडलेला आहे. कारखान्यातले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते, अमेरिकेत मक्यापासून काढलेले मिसळतात. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगते, भेगाळते आणि गळते. या गाडीत टाकीच्या वाफेच्या नळ्या मागच्या सजावटीच्या पत्र्याआड दडलेल्या असतात. बाहेरून चकचकीत केलेल्या गाडीत बसल्यावर पेट्रोलचा वास येतो, तो बऱ्याचदा तिथून. तुमच्याकडे जुनी पेट्रोलवर चालणारी फवारणी यंत्रे किंवा पंप असतील तर त्यांच्या नळ्या आजच चाचपून पाहा.

सुट्या भागांचे काय? मूळ कंपनीचा भाग, दुसऱ्या चांगल्या कारखान्याचा भाग आणि स्वस्त नक्कल, हे तीन प्रकार तिकडेही आहेत. तिथला हुशार मालक सगळीकडे ओरिजिनलचा हट्ट धरत नाही. बेअरिंग, गॅसकेट, ब्रेकचे रबर यांत तडजोड नाही. दिवे मात्र मूळ वायरिंगवर ठेवण्यापेक्षा रिले बसवून चालवणे त्याला शहाणपणाचे वाटते, कारण मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा प्रवाह बटणातून जातो आणि फ्यूजपेटी तापून वितळते. जपानी कंपन्यांनाही उशिरा का होईना जाग आली. होंडाने एनएसएक्स गाडीसाठी १९९३ पासूनच कारखान्यात दुरुस्ती सुरू केली. माझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी अशीच योजना जाहीर केली आणि तिच्यासाठी जुन्या मापाचे टायर, लाकडी स्टिअरिंग आणि कापडी छत पुन्हा बनवून घेतले. निसान त्याच वर्षापासून आर-३२ जीटी-आरचे भाग पुन्हा बनवते आहे. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रापासून सुरुवात केली. आपल्याकडे बंद झालेल्या मॉडेलच्या एका गिअरसाठी शेतकरी तीन तालुके हिंडतो, तेव्हा हे वाचून हेवा वाटतो.

आता हिशेब. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निसानच्या अमेरिकन शाखेने स्वतःच जुन्या २४० झेड विकत घेतल्या, निवडक कारखान्यांकडून नव्यासारख्या करून घेतल्या आणि पंचवीस हजार डॉलरच्या आसपास विकायला काढल्या. गाड्या सुंदर झाल्या. पण एकेका गाडीवरचा खर्च अंदाजात बसेना, आणि पन्नासही गाड्या पूर्ण होण्याआधी योजना गुंडाळावी लागली. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाच हे जमले नाही. तेव्हा “एवढे भागवून टाकू” म्हणून काम सुरू करणाऱ्याने आधी तळाचा पत्रा बघावा. तळ आणि आधार धड असलेली, इंजिन बंद पडलेली गाडी घ्यावी. इंजिन गुळगुळीत चालणारी पण तळ सडलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. ट्रॅक्टरला हाच नियम थोडा फिरवून लावा. पेट्या फुटलेल्या नसतील आणि सुटे भाग मिळत असतील तर दुरुस्तीचा विचार करा, नाहीतर नको.

आणखी एक. जानेवारी २०२० मध्ये १९७१ सालची एक २४० झेड लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. जेमतेम एकवीस हजार मैल चाललेली, मूळ अवस्थेत जपलेली. ज्याच्याकडे तसे जपलेले यंत्र आहे त्याने ते उगाच उघडून बसू नये.

उभारणी झाली की गाडी लगेच पळवत नाहीत. इंजिनाचा पहिला तेलाचा घाणा लवकर काढून टाकतात, त्यात किती आणि कसला चुरा आला ते बघतात. थोडे चालवून टॅपेट पुन्हा मोजतात. थंड इंजिनावर इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर. मग पुन्हा थोडे चालवतात, पुन्हा खाली वाकून गळती बघतात. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलचे सांधे, मागच्या गिअरपेटीचे सील, सगळे कोरडे सापडेपर्यंत हा फेरा चालतो. नंबरप्लेट शेवटी लागते.