परदेशातील डेटाचे बिल : हरकत कोठे घ्यावी?

सोन्याचांदीच्या गलाईच्या निमित्ताने विट्याची माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांत व त्यापलीकडेही पोचली असल्यामुळे, परदेशगमनानंतर येणारे मोबाइलचे अवाच्या सवा बिल हा विषय खानापूर तालुक्यास सर्वस्वी परका नव्हे. परक्या कंपनीच्या जाळ्यावरील वापराची नोंद मागाहून येत असल्याने, खिशात निपचित पडलेल्या फोनने व्हॉट्सॲपवरील छायाचित्रे आपसूक उतरवून घेतली, तरी त्याचा आकार घरी परतल्यावरच प्रकट होतो. विमानातील वा जहाजावरील जाळे तर पुष्कळदा रोमिंग पॅकच्या बाहेरच असते, आणि ही अट नेमकी बारीक टायपात असते!

ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी ऐकत नाही. तथापि तिच्या २०१२ च्या विनियमांनुसार कंपनीने तक्रारीस डॉकेट क्रमांक दिलाच पाहिजे, आणि निवारण असमाधानकारक वाटल्यास ३० दिवसांच्या मुदतीत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. अर्जासोबत तपशीलवार बिल, पॅक सुरू झाल्याचा संदेश व पासपोर्टवरील शिक्क्यांची नक्कल जोडावी, कारण तारखांची तफावत हाच सर्वांत बोलका पुरावा होय.

टेलिग्राफ कायद्याची ढाल पुढे करून ग्राहक न्यायालय टाळण्याचा कंपन्यांचा जुना युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी अमान्य केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारदारास आपल्या निवासाच्या जिल्ह्यातच फिर्याद गुदरता येत असल्याने विटेकराने सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही.