जुन्या मोटारीचा चोक : दोष व उपाय

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील काही शेतकरी बंधूंच्या अंगणात अद्यापि एखादी जुनी पेट्रोलची मोटार उभी असते. कोणाची जीप, तर कोणाची कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली पद्मिनी. हा कारखाना शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिला. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नामशेष झाली. परंतु खेड्यातील घरची गाडी निष्ठेने राबतच आहे. तिची निगा मात्र धन्यानेच ठेवावयास हवी.

एका आषाढात मध्यरात्री आमच्या शेजारच्या सुनेस प्रसूतिवेदना सुरू झाल्या. पाऊस मुसळधार, आणि मोटार काही केल्या चालू होईना. चोकचे बटण पूर्ण ओढले, सेल्फ मारून मारून बॅटरी थकली. अखेर दुसऱ्याचा टेम्पो मागविण्यात अर्धा तास गेला. ईश्वरकृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. सकाळी बॉनेट उघडून पाहतो, तो चोकची तार धरणारा एवढासा स्क्रू ढिला! बटण हातात येत होते, पण कार्ब्युरेटरपाशी काहीच हलत नव्हते.

चोकचे काम काय, ते प्रथम समजून घेऊ. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. पुष्कळसे पेट्रोल नळीच्या अंगास थेंबरूपाने चिकटून राहते. म्हणून आरंभी हवेच्या मानाने पेट्रोल अधिक द्यावे लागते. काही कार्ब्युरेटरांत याकरिता तोंडाशी एक तबकडी असते. ती मिटली की हवा कोंडते व ओढ वाढून पेट्रोल अधिक येते. सोलेक्स जातीच्या कित्येक कार्ब्युरेटरांत तबकडी नसून बाजूस फिरती चकती असते. ती निराळ्या वाटेने जादा पेट्रोल सोडते. या दुसऱ्या प्रकारात सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये. दाबल्यास ओढ कमी होऊन चोकचा उपयोग राहत नाही.

तपासणी येणेप्रमाणे करावी. इंजिन बंद व थंड असता एअर क्लीनर काढावा. एकाने आत बसून बटण ओढावे, दुसऱ्याने कार्ब्युरेटरची तरफ पाहावी. बटणाबरोबर तरफ शेवटपर्यंत फिरली पाहिजे. तार घसरत असल्यास बटण आत लोटून, पुन्हा गव्हाच्या दाण्याएवढे बाहेर घ्यावे. तबकडी पूर्ण उघडी, अथवा चकतीची तरफ पूर्ण बंद बाजूस ठेवून स्क्रू आवळावा. आपल्याकडील पावसाळ्यात तार गंजते. ती जड चालत असल्यास पातळ तेल सोडावे, न सुधारल्यास बदलावी. तबकडीचा दांडा अडकत असेल तर कार्ब्युरेटर क्लीनरने धुवावा. जाड वंगण लावू नये, त्यावर धूळ बसते.

याउलट दोष म्हणजे चोक न सुटणे. इंजिन तापल्यावरही ते गुरगुरते, काळा धूर येतो, प्लग काजळतात. अशा स्थितीत खोपोलीहून बोरघाट चढणे म्हणजे पेट्रोलची नासाडी होय. शिवाय कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली उतरते व इंजिन झिजते. तेलाच्या गजास पेट्रोलचा वास आल्यास तेल बदलणे इष्ट. मात्र चोकला दोष देण्यापूर्वी एअर क्लीनर झटकून पाहावा. भाताच्या मळणीनंतर त्यात तूस व धूळ भरते, आणि लक्षणे हुबेहूब तीच दिसतात.

पेट्रोलकडेही लक्ष हवे. अलीकडे देशभर पेट्रोलमध्ये शेकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते आपल्याच उसापासून व धान्यापासून होते, ही आनंदाची गोष्ट. परंतु ते पाणी शोषते व जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाही. पावसाळाभर गाडी उभी ठेवू नये. आठवड्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे आणि नळ्यांस भेगा पडल्या असल्यास त्या बदलाव्यात.

एक इशारा. गाडी चालू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची खोड काहींस असते. इंजिन उलटे भडकल्यास ज्वाळा थेट हातावर व चेहऱ्यावर येते. हा प्रयोग कदापि करू नये. काम करताना बिडी विझवावी व वाळूची बादली जवळ ठेवावी.

ही सर्व तपासणी अर्ध्या तासाची आहे. मृगापूर्वी कौले चाळतो, नांगर-जू पाहतो, त्याच दिवशी मोटारीचे बॉनेट उघडावे, एवढीच आमची विनंती. रात्री-अपरात्री रोग्यास घेऊन निघण्याची वेळ कोणावर केव्हा येईल, हे सांगता येत नाही.