बैल ओढतो कुठं, ढकलतो!

देवणी म्हटलं की लातूर-नांदेडकडच्या माणसाला तालुक्याआधी जनावर आठवतं. पांढराशुभ्र बालंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा. गाय दुधाला, बैल औताला. रंगावर तासभर बोलणारे पुष्कळ भेटतात. मला नवल वाटतं ते औताला जुंपल्यावर त्या अंगात काय चालतं, याचं.

भरल्या गाडीचा बैल नीट बघा. गाडी मागं, पण जू मानेवर, वशिंडाच्या पुढं. बैल मान खाली घालतो, मागचे पाय रोवतो आणि अख्खं अंग त्या लाकडावर रेटतो. म्हणजे तो जू ढकलतो, म्हणून गाडी ओढली जाते! खूर जमिनीला मागं रेटतं, जमीन बैलाला पुढं रेटते. न्यूटनचा तिसरा नियम, काळ्या रानात. खूरही दुभंगलेलं, चिखलात टेकलं की फाकतं. म्हणून तर पत्र्या मारायच्या झाल्या तर एका पायाला दोन, चार पायांना आठ.

त्याहून अजब गोष्ट आत आहे. बैलाला आपल्यासारखं गळ्याजवळचं आडवं हाडच नसतं. पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेले नाहीत. दोन पायांमध्ये छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. खाचखळग्याचा दणका ती झोळी पिऊन टाकते.

सगळ्यात जास्त जोर लागतो तो गाडी जागची हलवायला. दिवसभर काम करायचं तर बैल आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश एवढी ओढ टिकवतो; साडेचारशे किलोच्या बैलाला पंचेचाळीस किलोची. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. बैल संथ चालीनं तिच्या निम्म्याच्या आसपास जातो, तेही कडब्यावर.

जोडीतला एक बैल कमजोर असला, तर नाड्याची गाठ जुवावर तगड्या बैलाकडं थोडी सरकवायची. कमजोराच्या वाट्याला जुवाची लांब बाजू येते आणि भार हलका होतो. तरफेचा नियम, दुसरं काय!

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला हळद-तूप चोळतात, ती जागा नेमकी जुवाखालचीच. खडबडीत जुवानं खांदेसूज येते तीही तिथंच. तेव्हा यंदा शिंगं रंगवण्याआधी जुवाच्या खालच्या अंगावरून हात फिरवा. कूस लागली तर आधी ते तासून घ्या.