खळाळाची श्रेणी आणि बंधाऱ्याची सरळ रेघ

नदीचा खळाळ तळाचा उतार, पात्राची रुंदी, खडक आणि त्या घडीचे पाणी यांवर ठरतो. उतारावर पाणी उथळ आणि वेगवान होते. पुढे खोल, संथ पाण्याशी गाठ पडताच ते उसळते आणि हवा घुसून पांढरे फेसाळते. खडकावरून कोसळलेले पाणी पायथ्याशी उलटे फिरते. खडकाच्या आडोशाला मात्र शांत वळसा तयार होतो आणि राफ्ट तिथे क्षणभर विसावते.

खळाळाच्या सहा आंतरराष्ट्रीय श्रेणी आहेत. पहिलीत लहान लाटा, तिसरीत नेमके वल्हवणे अटळ, पाचवीत चुकीला जवळपास माफी नाही, सहावी बहुतांशी अशक्य. पण ही श्रेणी नदीला कायमची चिकटलेली नसते. पाणी कमी-जास्त झाले की तीही बदलते; वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून कोलाडच्या कुंडलिकेवर राफ्टिंगचे वेळापत्रक वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर बेतलेले असते.

उल्हास नदीलाही असेच पाणी मिळते. राजमाचीच्या डोंगरातून निघालेल्या या नदीत ठोकरवाडी धरणाचे पाणी १९२२ पासूनच्या भिवपुरी वीजकेंद्रातून येते. उन्हाळ्यातही बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरला तिचा मोठा आधार असतो. घाट सुटल्यावर उतार मंदावतो, म्हणून बदलापूरजवळ नदी एरवी संथ वाहते. पावसाळ्यात हे चित्र पालटते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी एनडीआरएफने रबरी बोटी वापरल्या. पुराच्या पाण्यात मोठा धोका बुडालेल्या कुंपणांचा आणि झाडांचा असतो: त्यांतून पाणी आरपार जाते, माणूस अडकतो.

सर्वांत फसवा धोका ठेंगण्या बंधाऱ्यांचा. बदलापूरच्या बॅरेजसारख्या आडव्या बांधांची भीती खडकाळ खळाळाहून जास्त बाळगायला हवी. खडकामागचा भोवरा वेडावाकडा असतो आणि त्याला कुठेतरी फट सापडते. बंधाऱ्याखाली उलटे फिरणारे पाणी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग असू शकते. त्यात सापडलेल्याला ते पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून खाली दाबते, आणि फेसात हवा मिसळल्याने लाइफ जॅकेटचा आधारही कमी पडतो. वरच्या अंगाने येणाऱ्या नावेतून यातले काहीच दिसत नाही, फक्त पाण्याची सरळ रेघ दिसते. म्हणून जाणकार बरेच आधी काठाला लागतात आणि राफ्ट उचलून बंधारा पायी ओलांडतात.