भाड्याच्या घरातील उपकरण बिघडले, तर खर्च कोणाचा?

शिक्षण पूर्ण करून नोकरीनिमित्त हैदराबादला जाणाऱ्या गोमंतकीय तरुणांचा पहिला मुक्काम बहुधा माधापूर, गचीबावली, कोंडापूर किंवा कुकटपल्ली परिसरातील भाड्याच्या फ्लॅटमध्ये असतो. १९९८ साली सायबर टॉवर्स ही इमारत उभी राहिली आणि शहराच्या या पश्चिम भागाचे रूप पालटले. तेथे भाड्याने मिळणारे घर आता केवळ चार भिंतींचे राहिलेले नाही. ‘सेमी फर्निश्ड’ घरात पंखे, गीझर, कपाटे आणि स्वयंपाकघरातील चिमणी असते; ‘फुल्ली फर्निश्ड’ घरात त्यांच्या जोडीला फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसीही येतो. या सोयींचे मोल भाड्यात धरलेले असते. मात्र त्यांपैकी एखादे उपकरण बंद पडले की दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुतेक करारपत्रांत सापडत नाही.

हा वाद दिसतो तितका किरकोळ नसतो. समजा, घराचे भाडे २५ हजार रुपये आहे आणि दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे ५० हजार रुपयांची अनामत भाडेकरूने घरमालकाकडे ठेवली आहे. हैदराबादेत या रकमेला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. घर सोडताना तीतून रंगकामाचा खर्च कापून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. त्यात बिघडलेल्या एसीचा किंवा फ्रिजचा खर्च मिळवला, तर नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाच्या बचतीचा मोठा भाग हातचा जातो. शिवाय पैसे आधीच मालकाच्या हाती असल्याने दाद मागण्याचा भार भाडेकरूवरच पडतो.

गोव्यात १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, तसा तेलंगणात १९६० चा आहे. संयुक्त आंध्र प्रदेशाच्या काळातील हा कायदा राज्याच्या विभाजनानंतर तेलंगणाने आपल्या नावाने पुढे चालू ठेवला. त्यातील ‘इमारत’ या शब्दाच्या व्याख्येत मालकाने पुरवलेले फर्निचर आणि बसवून दिलेल्या जोडवस्तूंचाही समावेश होतो. परंतु महानगरपालिका क्षेत्रात दरमहा ३,५०० रुपयांपेक्षा अधिक भाडे असलेल्या इमारतींना या कायद्यातून वगळण्यात आले आहे. माधापूर किंवा गचीबावलीतील साधा फ्लॅटही या मर्यादेत बसत नाही. त्यामुळे तेथील बहुसंख्य भाडेकरूंचे संबंध दोनच गोष्टींवर ठरतात: एक त्यांनी स्वतः सही केलेला करार आणि दुसरा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा.

या जुन्या कायद्याचे कलम १०८ मालक आणि भाडेकरू यांची कर्तव्ये सांगते. त्याचा आरंभच महत्त्वाचा आहे: विरुद्ध करार किंवा स्थानिक प्रथा नसेल, तरच पुढील नियम लागू होतात. म्हणजे करारात जे लिहिले असेल, त्याला पहिला मान. करार मूक असेल, तर भाडेकरूने मालमत्ता ताब्यात घेतली तेव्हा ती जशी होती, तशाच चांगल्या स्थितीत ठेवावी आणि परत करावी असे हे कलम सांगते. वाजवी वापराने होणारी झीज आणि टाळता न येणारी आपत्ती मात्र त्यातून वगळली आहे. भाडेकरूच्या किंवा त्याच्या नोकराच्या कृतीमुळे वा हयगयीमुळे दोष उत्पन्न झाला, तर मालकाच्या सूचनेनंतर तीन महिन्यांच्या आत तो दूर करणे भाडेकरूवर बंधनकारक आहे.

याच कलमात भाडेकरूच्या बाजूचीही एक तरतूद आहे. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे, ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. यातील ‘बांधील’ हा शब्द कळीचा आहे. हे कलम सर्व दुरुस्त्यांचा भार सरसकट मालकावर टाकत नाही. करारात मालकाची जबाबदारी लिहिलेली नसेल, तर भाड्यातून परस्पर पैसे कापणारा भाडेकरू थकबाकीदार ठरण्याचा धोका असतो.

एकंदरीत, करार नसेल तेथे खर्च बिघाडाच्या कारणामागोमाग जातो. हैदराबादेतील गीझरचे उदाहरण घेता येईल. शहराच्या पश्चिम भागातील अनेक वसाहतींना कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते आणि हे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षारांचा थर गीझरच्या कॉइलवर साचत जातो आणि काही काळाने कॉइल जळते. भाडेकरूने गीझर नेहमीच्या रीतीने वापरला असेल, तर ही झीजच होय आणि तिचा खर्च मालकाकडे जातो. टाकीत पाणी नसताना गीझर चालू ठेवल्याने कॉइल जळली असेल, तर ती हयगय ठरते. एसीचेही तसेच. जुना कॉम्प्रेसर आयुष्य संपून थांबला, तर भाडेकरूचा त्यात दोष नाही. पण वर्षभर जाळी साफ केली नाही किंवा मालकाने दिलेला स्टॅबिलायझर काढून ठेवला, तर मालकाची तक्रार रास्त ठरते.

फ्रिज किंवा वॉशिंग मशीन भिंतीला जोडलेले नसते. ती जंगम वस्तू असते. मोबदला घेऊन अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवली जाते, तेव्हा १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाच्या तरतुदींचा आधार घेता येतो. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी घ्यावी, अशी अपेक्षा कलम १५१ करते. तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर वस्तूच्या हानीची जबाबदारी घेणाऱ्यावर येत नाही, असे कलम १५२ सांगते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने दुरुस्त्यांची यादीच दिली आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगकाम, नळवाहिन्या बदलणे आणि विजेचे वायरिंग या बाबी मालकाकडे ठेवल्या आहेत. नळ आणि वायसर, सांडपाण्याची नळी, स्विच, कुलपे, खिडक्यांच्या काचा यांबरोबर गीझरची दुरुस्ती आणि विद्युत उपकरणांची दुरुस्तीही भाडेकरूकडे सोपवली आहे. मात्र करारात दोघे वेगळे ठरवू शकतात. निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादाही त्यात आहे. अर्थात हा केवळ नमुना आहे. एखाद्या राज्याच्या विधिमंडळाने आपला कायदा केल्यावाचून तो तेथील भाडेकरूला लागू होत नाही. तरीही अनेक दलाल करारपत्र तयार करताना हीच यादी उतरवून घेतात. त्यामुळे सही करण्यापूर्वी ‘विद्युत उपकरणे’ या शब्दांखाली काय काय येते, हे विचारून घेणे आवश्यक आहे.

हैदराबादेतही करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. छापील नमुन्यात उपकरणांसाठी क्वचितच स्वतंत्र कलम असते. तेथे पाच ओळी वाढवल्या, तरी पुढचे बरेचसे वाद टळू शकतात. प्रत्येक उपकरणाचे नाव, कंपनी, अंदाजे वय आणि सध्याची स्थिती परिशिष्टात लिहावी. ठरावीक रकमेपर्यंतची, समजा एक हजार रुपयांपर्यंतची, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी आणि त्यापुढील खर्च मालकाने सोसावा, असे नमूद करावे. एसीच्या वार्षिक सर्व्हिसिंगचा खर्च कोणाचा, हे ठरवावे. उपकरण दुरुस्त होण्यासारखे नसेल, तर किती दिवसांत बदलून मिळेल, हे लिहावे. आणि गैरवापर झाला की नाही, हे कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाच्या लेखी अहवालावर ठरेल, असे दोघांनी मान्य करावे.

घरात पाऊल ठेवण्याच्या दिवशीच सर्व उपकरणे चालवून पाहावीत, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि ती मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवावीत. खरेदीच्या पावतीची प्रतही मागून घ्यावी. कॉम्प्रेसरवर अनेक कंपन्या दीर्घ मुदतीची हमी देतात, पण पावती मालकाच्या कपाटात राहिल्याने भाडेकरू विनाकारण पैसे मोजून मोकळा होतो. बिघाड झाल्यावर आधी लेखी कळवावे, मालकाचे उत्तर घ्यावे आणि मगच तंत्रज्ञाला बोलवावे. काढलेला जुना भाग आणि बिल जपून ठेवावे. मालकाच्या दृष्टीनेही ही पद्धत हिताची आहे, कारण वापर हयगयीने झाला असेल, तर त्याच्या दाव्यालाही हाच पुरावा लागतो.

एवढे करूनही अनामत अडकलीच, तर दिवाणी दावा हा एकच मार्ग उरत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दावा दाखल करण्यापूर्वीही वाद लोकअदालतीत नेता येतो. तेथे न्यायशुल्क लागत नाही आणि झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. तडजोडीसाठी दोन्ही पक्षांची संमती मात्र हवी. ती मिळण्याची शक्यता कागद ज्याच्या बाजूने बोलतो, त्यालाच अधिक असते. म्हणून पणजी किंवा मडगावहून हैदराबादला निघालेल्या तरुणाने चावी हाती घेण्यापूर्वीचा अर्धा तास उपकरणांच्या यादीसाठी राखून ठेवावा.